रुळांपासून पंधरा मिलिमीटर

१६ ऑगस्ट १९८४ रोजी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विमानतळावर एक छोटी गाडी सुरू झाली. विमानतळाच्या नव्या इमारतीपासून शेजारच्या बर्मिंगहॅम इंटरनॅशनल रेल्वे स्थानकापर्यंत सुमारे ६०० मीटरचा उन्नत मार्ग, ताशी ४२ किलोमीटरचा वेग आणि जेमतेम दीड मिनिटाचा प्रवास. एवढं अंतर कुणीही चालत गेलं असतं. पण या गाडीला चाकं नव्हती. विद्युतचुंबकांच्या जोरावर ती रुळांपासून १५ मिलिमीटर वर तरंगत जायची. चालकही नव्हता. रोजच्या प्रवाशांची ने-आण करणारी जगातली ही पहिली व्यावसायिक मॅग्लेव्ह सेवा.

मॅग्लेव्ह म्हटलं की आपल्याला आठवतो तो वेग. ताशी ४३१ किलोमीटर गाठलेली शांघायची गाडी, किंवा जपानच्या यामानाशी मार्गावर एप्रिल २०१५ मध्ये नोंदला गेलेला ताशी ६०३ किलोमीटरचा विक्रम. ती गोष्ट पुष्कळदा सांगून झाली आहे. तिच्या सावलीत दुसरी एक गोष्ट राहून गेली, ती संथ मॅग्लेव्हची. शहरात ताशी शंभराच्या आसपास धावणाऱ्या, एका उपनगरातून दुसऱ्यात किंवा विमानतळावरून गावात नेणाऱ्या या गाड्या. वेगच नको असेल तर गाडी तरंगवायची कशाला, हा प्रश्न तेव्हाही विचारला जात होता आणि आजही विचारला जातो. त्याचं उत्तर अभियंत्यांकडे पहिल्यापासून होतं: चाक आणि रूळ एकमेकांना झिजवणार नाहीत, वळणावरचा कर्कश आवाज जाईल, तीव्र चढ चढता येईल. उत्तर बरोबरच होतं. पण या गाड्यांचं नशीब त्या उत्तरावर ठरलं नाही.

चुंबकाने वस्तू अधांतरी धरण्याची कल्पना फार जुनी. तिच्यातली अडचण १८४२ मध्ये सॅम्युएल अर्नशॉ या इंग्रज गणितज्ञाने गणिताने मांडली. नुसत्या स्थिर चुंबकांच्या ओढीने किंवा ढकलण्याने एखादी वस्तू हवेत स्थिर राहू शकत नाही. ती कुठल्या ना कुठल्या बाजूला कलंडणारच. या नियमाला वळसा घालण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या आरंभीच सुरू झाले. एमिल बाशले या फ्रेंच-अमेरिकन गृहस्थाने १९१२ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलं आणि १९१४ मध्ये लंडनमध्ये आपल्या गाडीचं छोटं प्रारूप धावून दाखवलं. पाहायला आलेल्या बड्या मंडळींत तेव्हाचे नौदलमंत्री विन्स्टन चर्चिल होते. बाशलेची गाडी खालच्या गुंडाळ्यांच्या प्रत्यावर्ती प्रवाहाने वर ढकलली जायची. प्रारूपाला ते जमलं, पण खऱ्या आगगाडीच्या वजनाला लागणारी वीज कुणाच्याच खिशाला परवडणारी नव्हती. त्याच वर्षी महायुद्ध पेटलं आणि विषय मागे पडला.

दुसरी वाट जर्मनीत हेर्मान केम्पर यांनी धरली. त्यांचं पेटंट १४ ऑगस्ट १९३४ चं. खालून ढकलण्याऐवजी वरून ओढायचं, ही त्यांची युक्ती. गाडीच्या दोन्ही बाजू रुळाला वळसा घालून त्याच्या खाली जातात, तिथे विद्युतचुंबक बसवलेले असतात आणि ते वरच्या पोलादी रुळाकडे ओढले जातात. ओढता ओढता गाडी उचलली जाते. यात वीज कमी लागते, पण धोका मोठा. चुंबक रुळाच्या जवळ गेला की ओढ वाढते, म्हणून तो आणखी जवळ जातो आणि शेवटी रुळाला चिकटतो. लांब गेला की ओढ कमी होते आणि तो खाली पडतो. फट अर्धी झाली तर ओढ जवळजवळ चौपट. तळहातावर काठी उभी तोलणारा पोर जसा हात सतत इकडेतिकडे हलवत राहतो, तसा चुंबकातला प्रवाह क्षणोक्षणी कमी-जास्त करत राहणं हाच इलाज. फट मोजणारा संवेदक, त्या मोजमापावरून निर्णय घेणारं मंडल आणि प्रवाह तत्काळ बदलणारं प्रवर्धक, हे तिन्ही हवेत. केम्पर यांच्या काळात हे सगळं व्हॅक्यूम ट्यूबवर करावं लागे. ट्रान्झिस्टर आणि थायरिस्टर हाताशी आल्यावरच, म्हणजे १९६० नंतर, या कल्पनेचे पाय खऱ्या अर्थाने जमिनीवरून सुटले.

गाडी उचलली, आता तिला पुढे कोण नेणार? चाकच नाही म्हटल्यावर नेहमीची मोटर निरुपयोगी. इथे लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातले प्राध्यापक एरिक लेथवेट येतात. साधी इंडक्शन मोटर मध्ये कापून सपाट उलगडली की ती फिरण्याऐवजी सरळ रेषेत ओढते. या लिनिअर मोटरचा ध्यास त्यांनी उभ्या आयुष्यभर घेतला. रॉयल इन्स्टिट्यूशनच्या नाताळातल्या व्याख्यानांतून त्यांनी ती हजारो मुलांपुढे चालवून दाखवली. केंब्रिजशायरमधल्या एरिथ इथे हवेच्या गादीवर तरंगणारी आणि लिनिअर मोटरने धावणारी एक गाडी ब्रिटनने बांधली. फेब्रुवारी १९७३ मध्ये तिने ताशी १६७ किलोमीटरचा वेग गाठला आणि त्याच महिन्यात सरकारने प्रकल्पच गुंडाळला. लेथवेट यांना ही जखम शेवटपर्यंत सलत राहिली असणार. पण मोटर मागे उरली, आणि संथ मॅग्लेव्हला तीच लागू पडली. कारण साधं होतं. अतिवेगवान गाडीत मोटरच्या गुंडाळ्या सबंध मार्गभर अंथराव्या लागतात. संथ गाडीत त्या गाडीतच बसवता येतात आणि मार्गावर फक्त ॲल्युमिनियमची पट्टी पुरते. त्यामुळे मार्ग पुष्कळ स्वस्त होतो.

ब्रिटनच्या या वाटचालीत एक नाव मराठी वाचकाने लक्षात ठेवावं असं आहे. ससेक्स विद्यापीठातले प्राध्यापक बी. व्ही. जयवंत. आडनाव आपल्या ओळखीचं, काम मात्र इथे फारसं कुणाला ठाऊक नाही. विद्युतचुंबकीय उचलणीच्या नियंत्रणावर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात सातत्याने काम केलं आणि माणसं बसतील अशी सुमारे एक टन वजनाची गाडी तरंगवून दाखवली. त्यावरचा त्यांचा शोधनिबंध १९७६ मध्ये छापून आला. १९८१ मधलं त्यांचं या विषयावरचं पुस्तक अभ्यासकांच्या टेबलावर अनेक वर्षं असे. प्रयोगशाळेत एखादा गोळा तरंगवणं आणि माणसं बसलेली, ब्रेक लावणारी, वळणावर कलणारी टनभर वजनाची वस्तू तरंगवणं, यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. तो फरक ओलांडणाऱ्यांत हे प्राध्यापक होते. मॅग्लेव्हच्या कौतुकाच्या लेखांत अशा माणसांना एखादी ओळही मिळत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ब्रिटिश रेल्वेच्या डर्बी इथल्या संशोधन विभागाने हे सगळं ज्ञान एकत्र आणलं. आपल्या आवारात छोटा मार्ग टाकून त्यांनी गाडी तरंगवली, चालवली आणि मग तिच्यासाठी खरं काम शोधलं. बर्मिंगहॅमला राष्ट्रीय प्रदर्शन केंद्र आणि त्याला लागून नवं रेल्वे स्थानक १९७६ मध्ये उभं राहिलं होतं. विमानतळही नव्या जागी येणार होता. स्थानक आणि विमानतळ यांच्यातलं अंतर बसला फार छोटं आणि बॅगा ओढत चालायला फार लांब. चालकाविना सतत फेऱ्या मारणारं काहीतरी हवं होतं. वेस्ट मिडलंड्सच्या स्थानिक प्रशासनाने पुढाकार घेतला, ब्रिटिश उद्योगसमूह एकत्र आले आणि गाडी सुरू झाली.

ती अकरा वर्षं चालली. ब्रिटनमध्ये तिची आठवण आता अपयश म्हणून काढतात, ते मला पटत नाही. अकरा वर्षांत तरंगण्याने दगा दिला नाही. दगा दिला तो सुट्या भागांनी. गाडीतली नियंत्रणमंडलं १९८० च्या आसपासची, मुद्दाम याच गाडीसाठी बनवलेली. असा मार्ग जगात दुसरा नव्हताच, मग त्या मंडलांचे भाग कोण बनवत बसणार? एखादं कार्ड बिघडलं की दुरुस्ती महाग आणि सावकाश. गाड्या बंद राहण्याचं प्रमाण वाढत गेलं, आणि १९९५ मध्ये सेवा थांबली. प्रवाशांसाठी बस आली. २००३ मध्ये त्याच उन्नत मार्गावर दोराने ओढली जाणारी गाडी बसवली गेली, ती आजही चालते. मॅग्लेव्हचा एक डबा २०१० साली इंटरनेटवरच्या लिलावात अवघ्या १०० पौंडांना विकला गेला. दुसरा यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाकडे गेला. तिसरा पीटरबरोच्या संग्रहालयात आहे आणि त्याच आवारात लेथवेट यांच्या लिनिअर मोटरवर धावलेली ती एरिथची गाडीही ठेवली आहे.

बर्लिनची कहाणी याहून विलक्षण, कारण तिथे तंत्रज्ञान आणि इतिहास समोरासमोर आले. १९६१ मध्ये भिंत उभी राहिली तेव्हा शहराचा भुयारी रेल्वेमार्ग ग्लाइसड्राइएक आणि पोट्सडामर प्लात्स यांच्यामध्ये तुटला. पश्चिमेकडचा तुकडा कुठेच जात नव्हता, म्हणून १९७२ मध्ये तिथली वाहतूकही थांबली. त्या ओसाड मार्गावरच्या एका स्थानकात तर तुर्की बाजार भरू लागला. याच भागात पश्चिम बर्लिनने १९८३ मध्ये एम-बान बांधायला घेतली. ग्लाइसड्राइएकपासून केम्परप्लात्सपर्यंत १.६ किलोमीटर, तीन स्थानकं. शेवटचं स्थानक फिलहार्मोनीच्या संगीतसभागृहाजवळ आणि भिंतीपासून हाकेच्या अंतरावर. एम-बानची रचना बर्मिंगहॅमपेक्षा वेगळी होती. वजनाचा बराचसा भार कायमचुंबक उचलायचे आणि फट राखायचं काम छोटी चाकं करायची. त्यामुळे नियंत्रणाचं ते क्षणोक्षणीचं तोलणं टळलं. मोटरच्या गुंडाळ्या मात्र मार्गात होत्या.

शहराचा ७५० वा वाढदिवस १९८७ मध्ये साजरा व्हायचा होता आणि तेव्हा गाडी लोकांसाठी सुरू करायची होती. पण त्याच एप्रिलमध्ये ग्लाइसड्राइएक स्थानकात कुणीतरी आग लावली आणि दोन डबे जळाले. डिसेंबर १९८८ मध्ये चाचणीची गाडी शेवटच्या स्थानकात थांबलीच नाही, काचेची भिंत फोडून बाहेर लोंबकळली. आत प्रवासी नव्हते हे नशीब. अखेर २८ ऑगस्ट १९८९ रोजी लोकांना फुकट प्रवास सुरू झाला. अडीच महिन्यांत, ९ नोव्हेंबरला, भिंत पडली. एम-बानचा मार्ग तुटलेल्या भुयारी रेल्वेच्या आड येत होता, आणि आता ती रेल्वे जोडायची होती. दोन्ही एका जागी राहू शकत नव्हत्या. तरीही सरकारी कागद आपल्या गतीने चालत राहिले. १८ जुलै १९९१ रोजी एम-बानला नियमित सेवेचा अधिकृत दर्जा मिळाला आणि ३१ जुलैला ती बंद झाली. मार्ग लगेच उतरवायला घेतला. नोव्हेंबर १९९३ मध्ये तिथून पुन्हा भुयारी रेल्वे धावू लागली. बर्लिनकरांनी योग्य तेच केलं. दुभंगलेलं शहर जोडणारी साधी चाकांची गाडी त्यांना अधिक मोलाची होती. पण एम-बान बांधणाऱ्यांनी आठ वर्षं घातली होती, आणि हाती पडलेली अधिकृत सेवा दोन आठवड्यांची होती.

चिकाटी कामाला आली ती जपानमध्ये. सुरुवात एका विमान कंपनीने केली हे ऐकून आश्चर्य वाटतं, पण कारण व्यवहारी होतं. टोकियोचा नवा नारिता विमानतळ शहरापासून साठेक किलोमीटर दूर होणार होता आणि उतरलेला प्रवासी रस्त्यावरच अडकला तर विमानाच्या वेगाचा उपयोग काय, असा प्रश्न जपान एअरलाइन्सपुढे होता. जर्मन तंत्रज्ञानाचा आधार घेऊन १९७० च्या दशकाच्या मध्यात त्यांनी एचएसएसटी नावाचा कार्यक्रम हाती घेतला. कावासाकीच्या चाचणीमार्गावर १९७८ मध्ये त्यांच्या पहिल्या गाडीने, रॉकेटची मदत घेऊन, ताशी ३०७.८ किलोमीटर गाठले. नारिताचा मार्ग मात्र कधी झाला नाही. इथे बहुतेक प्रकल्प संपतात. हा संपला नाही, कारण त्या मंडळींनी वेगाचा नाद सोडला. गाडी गावातल्या वाहतुकीला लावायची असं ठरवून ते प्रदर्शनांमागून प्रदर्शनं फिरले: १९८५ मध्ये त्सुकुबा, १९८६ मध्ये व्हँकुव्हर, १९८९ मध्ये योकोहामा. जत्रेतल्या चक्रीसारखं हे काम एखाद्या अभियंत्याला कमीपणाचं वाटलं असतं. पण लाखो सामान्य माणसं गाडीत बसवून, दारं उघडून-मिटून, पावसात आणि गर्दीत चालवून जे कळतं ते बंदिस्त चाचणीमार्गावर कळत नाही.

नागोया शहर, आइची प्रांत आणि तिथली मेइतेत्सु ही खासगी रेल्वे कंपनी यांनी मग हा कार्यक्रम आपल्याकडे घेतला. नागोयातल्या ओए इथे १९९१ मध्ये सुमारे दीड किलोमीटरचा चाचणीमार्ग सुरू झाला. वळणं, चढ, सांधे, सारं त्यावर वर्षानुवर्षं तपासलं गेलं. आणि ६ मार्च २००५ रोजी, आइचीच्या जागतिक प्रदर्शनाच्या तोंडावर, लिनिमो सुरू झाली. फुजिगाओका ते याकुसा, ८.९ किलोमीटर, नऊ स्थानकं. गाडी ८ मिलिमीटर तरंगते, जास्तीत जास्त ताशी १०० किलोमीटरने धावते, चालकाशिवाय. नागाकुतेच्या टेकड्यांत ६ टक्क्यांचा चढ ती सहज चढते. साध्या रेल्वेला तो जड गेला असता. मार्गालगत घरं आहेत, शाळा आहेत, आणि गाडी गेल्याचं कळतही नाही.

दोष होतेच. चाकांच्या गाडीत माणसं कोंबली तर स्प्रिंगा दबतात, गाडी कुरकुरत निघते. तरंगणाऱ्या गाडीत तसं होत नाही. वजन मर्यादेपलीकडे गेलं की ती उठतच नाही. तीन डब्यांच्या लिनिमोत सुमारे २४४ माणसं मावतात. प्रदर्शनाच्या सुरुवातीच्या गर्दीत गाडी थांबवून माणसं उतरवायची वेळ आली आणि बातम्या झाल्या. वारा सेकंदाला २५ मीटरच्या पलीकडे गेला तर सेवा बंद ठेवावी लागते. सर्वांत मोठी अडचण पैशाची. सहा महिन्यांचं प्रदर्शन, त्याला दोन कोटी वीस लाखांच्या आसपास माणसं येऊन गेली, आणि मग ती ओसरली. कंपनी अनेक वर्षं तोट्यात राहिली, प्रांताला हात द्यावा लागला. पण प्रांताने हात सोडला नाही. मार्गालगत विद्यापीठं होती, घरं वाढली, आणि प्रदर्शनाच्या जागेवरच्या उद्यानात नोव्हेंबर २०२२ मध्ये गिबली पार्क उघडलं तेव्हा तिथे जायची वाट लिनिमोचीच होती.

दक्षिण कोरियाने १९९३ च्या देजॉन प्रदर्शनात आपली मॅग्लेव्ह दाखवली आणि पुढे दोन दशकं संशोधन चालू ठेवलं. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी इंचॉन विमानतळावर ६.१ किलोमीटरची स्वदेशी सेवा सुरू झाली, आणि प्रवास फुकट ठेवला गेला. तिथे प्रवासीच पुरेसे मिळाले नाहीत. जुलै २०२२ मध्ये नियमित सेवा थांबवावी लागली.

चीनची तऱ्हा वेगळी. चांग्शा शहरातल्या संरक्षण तंत्रज्ञान विद्यापीठात १९८० पासून हे काम चालू होतं. शांघायची विक्रमी गाडी जर्मनीकडून आली, पण संथ मॅग्लेव्ह चिनी अभियंत्यांनी स्वतः उभी केली. मे २०१६ मध्ये चांग्शाच्या दक्षिण रेल्वे स्थानकापासून विमानतळापर्यंत १८.५५ किलोमीटरची सेवा सुरू झाली. लिनिमोच्या दुप्पट लांबीची. ३० डिसेंबर २०१७ रोजी बीजिंगच्या पश्चिमेला एस-वन मार्ग आला. तिथे मार्गालगतच्या रहिवाशांना चुंबकांच्या किरणोत्साराची भीती वाटली होती. ती निराधार होती, पण काम रखडलं. २०२२ मध्ये हुनान प्रांतातल्या फंगह्वांग या जुन्या पर्यटनगावातही संथ मॅग्लेव्ह पोचली. दरम्यान २०२१ मध्ये चांग्शाच्या गाडीचा वेग ताशी १०० वरून १४० किलोमीटरवर नेला होता.

हा सगळा पट पाहिला की माझं मत ठाम होतं. गाडी तरंगवण्याचा प्रश्न १९८४ मध्येच सुटला होता. नंतरच्या चाळीस वर्षांत कुठली गाडी टिकली आणि कुठली मोडीत गेली, हे तिच्यामागे सुटे भाग बनवणारा कारखाना आहे का, तोटा सोसून वीस वर्षं उभं राहणारं प्रशासन आहे का आणि मार्ग माणसं जिथे जातात तिथे जातो का, यावर ठरलं. बर्मिंगहॅमच्या मागे कारखाना नव्हता. बर्लिनचा मार्ग अशा जागी होता जिथे इतिहासाला दुसरीच गाडी हवी होती. इंचॉनला माणसं नव्हती. नागोयाला तिन्ही गोष्टी होत्या, आणि चांग्शालाही. नव्या वाहतुकीचे प्रस्ताव मांडणाऱ्या प्रत्येकाने वेगाचे आणि फटीचे आकडे सांगण्याआधी या तीन प्रश्नांची उत्तरं द्यावीत, एवढंच मागणं आहे. लिनिमोने ती दिली, म्हणून २००५ पासून ती रोज धावते आहे.